घरोघरीचे वैयावृत्त्य आणि आपले दायित्व

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या मान्यवर वक्त्यांनी मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा आणि विद्यार्थी-वसतिगृह या विषयांवर विद्वत्तापूर्ण विवेचन केले. माझ्याकडे संयोजकांनी ‘वृद्धसेवा’ हा विषय सोपविला होता. मी त्यात थोडा फेरफार केला आहे. वृद्धांविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि ते योग्यच आहे. मात्र त्या वृद्धांच्या, रुग्णांच्या आणि अपंगांच्या उशापायथ्याशी जी व्यक्ती वर्षानुवर्षे बसलेली असते तिच्याविषयी आपण बोलत नाही. मी तिच्याविषयी बोलणार आहे. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी. कॉम.पर्यंत. शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चाळीस वर्षे पेढीवर बसल्यामुळे कोणत्या व्यवहाराची नोंद झाली आणि कोणत्या व्यवहाराची राहिली, एवढे मला कळते. घरातील रुग्णसेवेचा व्यवहार आपल्या वह्यांत नोंदला गेलेला नाही, हे माझे आजचे म्हणणे आहे.

आपल्या धर्मात या सेवेला केवढे उच्च स्थान आहे, याचे स्मरण प्रथम करू या. तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत, सहा बाह्य आणि सहा अंतरंग. उपवास हे बाह्य तप होय; आणि रुग्णाची, थकलेल्याची सेवा, म्हणजेच वैयावृत्त्य, हे अंतरंग तप होय. प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर व स्वाध्यायाच्याही आधी त्याची गणना आहे. ज्यांचे वैयावृत्त्य करावयाचे अशा दहांची नावे तत्त्वार्थसूत्रात आहेत, त्यांत आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्याच पंक्तीत ‘ग्लान’ म्हणजे आजाराने ग्रासलेला येतो. तीर्थंकर नामकर्माच्या बंधास कारण होणाऱ्या सोळा भावनांमध्येही वैयावृत्त्य आहे. ही सर्व योजना मुख्यतः मुनिसंघासाठी आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात गृहस्थाच्या शिक्षाव्रतांतही वैयावृत्त्याचा समावेश केला, हेही तितकेच खरे आहे.

सम्यग्दर्शनाचे तिसरे अंग निर्विचिकित्सा, म्हणजे शरीराच्या मलिनतेची किळस न करणे. त्याचे उदाहरण म्हणून उद्दायन राजाची कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. रोगी मुनीचे रूप घेऊन देव परीक्षेला आला, आहार घेऊन त्याने दुर्गंधियुक्त वमन केले, सेवक पळून गेले, आणि राजाने स्वतः ते स्वच्छ केले. राजाबरोबर राणी प्रभावतीही तेथे होती, तिनेही सेवा केली. पण आठ अंगांची आठ नावे मुलांकडून पाठ करून घेताना आपण तिसऱ्या अंगाला उद्दायनाचेच नाव घेतो. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. सांगण्याच्या ओघात माझ्या मनात आले एवढेच.

आता आपल्या घरात येऊ या. इतर समाजातील घर आणि आपले घर यांत एक फरक आहे, तो आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. अंथरुणाला खिळलेला रुग्ण आपल्या घरी असेल तर त्याचे पाणी गाळून, उकळून ठेवावे लागते. कंदमूळ चालत नाही, शिळे चालत नाही, म्हणून दोन्ही वेळचे ताजे करावे लागते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले पाहिजे; आणि ज्याला घास गिळायला पाऊण तास लागतो त्याला दिवेलागणीच्या आत भरवायचे म्हणजे दुपारी चारपासूनच तयारीला लागावे लागते. त्यात डॉक्टरांनी रात्री जेवणानंतर घ्यावयाचे औषध लिहून दिलेले असले, तर रात्रीभोजनत्यागाचा नियम आणि औषधाची वेळ यांची सांगड घालण्याकरिता त्या गृहिणीलाच दवाखान्यात जाऊन विचारून यावे लागते. वयोवृद्ध माणूस आपला नियम सोडत नाही. सोडावा असेही मी म्हणत नाही. परंतु नियम त्यांचा असतो आणि तो पाळण्याचे श्रम सूनबाईचे असतात, हे मान्य करण्यास हरकत नसावी.

याच कारणाने बाहेरची मदतनीस आपल्या घरात टिकत नाही. ‘आमच्या चौक्यात बाहेरची बाई चालत नाही,’ असे घरातील कर्ता पुरुष अभिमानाने सांगतो. त्या एका वाक्याची किंमत घरातील एक स्त्री दिवसाच्या चोवीस तासांनी चुकवीत असते. कूस बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी पाहणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, चादरी धुणे, रात्री दोनला हाक आली की उठणे, आणि पुन्हा पहाटे अभिषेकाला जाणाऱ्यांसाठी पाणी तापविणे. ही कामे मी वाढवून सांगत नाही. समोर बसलेल्या भगिनी मान हलवीत आहेत, ते मला येथून दिसते आहे.

आपल्या समाजातील एका भगिनीचे उदाहरण देतो. नाव घेत नाही. २००६ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला आपल्या गावाहून बस गेली, तेव्हा तिचे वय चव्वेचाळीस होते. पैसे भरले होते, पिशवी बांधून झाली होती, आणि निघण्याच्या आठवड्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. ती थांबली. सासूबाई नऊ वर्षे अंथरुणावर होत्या. त्या गेल्यानंतर दोन वर्षांच्या आत मामंजींची स्मृती जाऊ लागली. ते घर ओळखेनात, रात्री दार उघडून बाहेर जाऊ लागले. २०१८ साली पुन्हा महामस्तकाभिषेक झाला, पुन्हा बस गेली, आणि ती पुन्हा थांबली. आता हा सोहळा २०३० साली येईल. त्या वेळी ती अडुसष्ट वर्षांची असेल, आणि विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपतील की नाही, हे कोणी सांगावे? घरातील बाकीची मंडळी दोन्ही वेळा जाऊन आली. त्यांनी तिच्यासाठी गंधोदक आणले. बारा वर्षांत कोणालाही असे सुचले नाही, की चार दिवस आपण घरी राहावे आणि हिला पाठवावे.

पुरुष सेवा करीत नाहीत असे नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीची वेणीफणी स्वतः करणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्यातच आहेत, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण आकडे काय सांगतात ते पाहा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पंधरा ते एकोणसाठ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची विनामोबदला काळजी घेण्याचे काम करतात, पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. जे करतात त्यांतही स्त्रिया दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात आणि पुरुष ७४. यात मुलांचे संगोपनही आले. आणि स्वयंपाक, धुणी-भांडी यांत जाणारा वेळ यात धरलेला नाही.

बी. कॉम.ला असताना राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणात पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे एक उदाहरण आम्हांला शिकविले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या पगारी बाईशीच विवाह केला, तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढे घटते. कारण काम तेच राहते, फक्त पगार बंद होतो. वर्गात सगळे हसले होते. आज त्याचा अर्थ अधिक कळतो. आपल्यासारख्या गावात बारा तासांच्या पाळीला रुग्णाजवळ बसणारी बाई दिवसाला पाचशे रुपये घेते असे धरू. रात्रंदिवसाच्या दोन पाळ्यांचे हजार, महिन्याचे तीस हजार, वर्षाचे तीन लाख साठ हजार. वर सांगितलेल्या भगिनीने केवळ सासूबाईंची जी नऊ वर्षे सेवा केली, तिचे आजच्या दराने बत्तीस लाख चाळीस हजार होतात. कापडाच्या व्यवहारात मीटरभर कापड कमी भरले तरी आपण ताका पुन्हा मोजतो. येथे बत्तीस लाखांची रक्कम ना कीर्दीत आहे, ना खतावणीत.

न्यायालयांनी मात्र हा हिशेब मांडण्यास प्रारंभ केला आहे. जमशेदपूर येथे १९८९ साली एका समारंभात लागलेल्या भीषण आगीत अनेक स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणींच्या सेवेचे मूल्य दरमहा तीन हजार रुपये धरले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्या एका अपघात प्रकरणात याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे आनुमानिक उत्पन्न धरणे न्याय्य असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. पण बंधुभगिनींनो, हे दोन्ही निकाल नुकसानभरपाईचे आहेत. म्हणजे ती गेल्यानंतर तिच्या कामाला किंमत येते, आणि ती रक्कम मिळते ती मागे राहिलेल्यांना. जिवंतपणी तिच्या नावावर काय आहे, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

वारसाहक्काचे पाहा. आपणा जैनांना हिंदू वारसा कायदाच लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पती हयात असलेल्या सुनेला सासू-सासऱ्यांच्या मिळकतीत स्वतःचा असा वाटा नाही. पंधरा वर्षे सेवा तिने केलेली असते आणि वारसांच्या यादीत तिचे नाव नसते. अविवाहित मुलीचे याहून कठीण. तिला कायद्याने हक्क आहे; पण आईवडिलांच्या मागे भावांनी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर ती मुकाट्याने सही करते, आणि ज्या घरात तिने दोघांची शेवटपर्यंत सेवा केली त्याच घरात पाहुणी होते. अशी दोन घरे मला माहीत आहेत.

सरकारी योजनांचा विचार केला तर चित्र असे दिसते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. स्तुत्य आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी आणल्यानंतर पुढची सात-आठ वर्षे जी सेवा चालते, तिच्यासाठी तरतूद शून्य. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘काळजीवाहक’ या शब्दाच्या व्याख्येत आईवडील आणि कुटुंबीय, मोबदला घेणारे आणि न घेणारे, सर्व येतात. अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांना काळजीवाहकासाठी भत्ता देण्याचाही उल्लेख त्यात आहे. मात्र सरकारने हे आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावयाचे आहे. ‘सवड झाली की देतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडून वसुली कशी होते, हे व्यापारी बंधूंना मी सांगावयास नको! केरळ राज्याने ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना काढून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या काळजीवाहकांना दरमहा सहाशे रुपये देऊ केले. दिवसाला वीस रुपये पडतात. रक्कम लहान आहे, तरी ज्याच्या हातून सेवा होते त्यालाच ती द्यावी हे तत्त्व त्यात मान्य झाले, म्हणून मी तिचे महत्त्व मानतो.

परदेशातही हा प्रश्न सहजासहजी सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये १९७६ पासून असा भत्ता आहे. परंतु पहिली दहा वर्षे विवाहित स्त्रियांना तो नाकारला गेला, कारण त्या घरीच असतात असे गृहीत धरले होते. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे, आणि घरच्या माणसाची सेवा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही ठरावीक अटींवर त्यातून भरला जातो. जपानने २००० साली अशीच योजना आणली, पण रोख रक्कम देण्याचे टाळले. पैसे दिले की सून कायमची त्याच कामाला बांधली जाईल, अशी भीती तेथील स्त्रियांच्या संघटनांनी व्यक्त केली होती. ही भीती मला अगदी रास्त वाटते. पैसा दिला आणि विश्रांती दिली नाही तर आपण फक्त पगारी कैद निर्माण करू. दोन्ही द्यावे लागेल.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो आजच सकाळी मंदिराच्या ओट्यावर एका ज्येष्ठांनी माझ्यापाशी काढला. ‘सेवा हे पुण्यकार्य आहे, तिला पैसा लावला की पुण्य संपले, उद्या सून आईसाहेबांना पाणी देण्याचेही बिल करील.’ त्यांच्या वयाचा मान राखून मी उत्तर देतो. मंदिरातील उपाध्ये रोज पूजा करतात, आपण त्यांना मानधन देतो. त्यांची भक्ती त्यामुळे खोटी ठरते असे आपण मानीत नाही. पहिल्या अभिषेकाची बोली आपण येथेच भर सभेत लावतो, आकडा चढत जातो, टाळ्या पडतात. त्या श्रावकाचे पुण्य रकमेमुळे कमी झाले असे कोणी म्हणाले आहे काय? मग पुण्य जपण्याची सगळी जबाबदारी रुग्णाचे कपडे धुणाऱ्या बाईवरच का यावी? आणि पुण्यकार्यच असेल तर ते घरातील सर्वांनी आळीपाळीने वाटून घ्यावे. पुण्याची एवढी रास एकटीच्याच पदरात टाकण्याइतके आपण व्यापारी लोक उदार केव्हापासून झालो?

माझ्या काही ठोस सूचना आहेत. पहिली सधन घरांना. त्यांना ट्रस्टचे पैसे नकोत, ते घेणारही नाहीत. त्यांनी घरातील सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या एकटीच्या नावे बँकेत खाते उघडावे आणि दरमहा ठरावीक रक्कम घरखर्चातून नव्हे, तर स्वतंत्रपणे त्यात भरावी. भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पी. पी. एफ.चे खाते त्यासाठी उत्तम. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, पंधरा वर्षांनी तिच्या म्हातारपणी हाती येतात. येथे एक व्यावहारिक सूचना करतो : सासऱ्याने सुनेला दिलेल्या रकमेवरील उत्पन्न आयकर कायदा सासऱ्याच्याच उत्पन्नात मिळवितो, पी. पी. एफ.चे व्याज करमुक्त असल्याने ती अडचण येत नाही. तसेच ज्यांनी मृत्युपत्र केलेले नाही अशा ज्येष्ठांनी ते करावे, आणि आपली सेवा कोणी केली हे ओळखून त्यात तिचे नाव लिहावे. स्वकष्टार्जित मिळकतीपुरती तरी कोणाचीही हरकत चालत नाही.

दुसरी सूचना ट्रस्टला आहे. आपल्या घटनेतील उद्दिष्टांत ‘रुग्णसाहाय्य’ हे कलम पहिल्यापासून आहे. आजवर आपण त्यातून शस्त्रक्रियेसाठी मदत दिली. त्याच कलमाखाली गरजू दहा कुटुंबांतील प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या व्यक्तीला दरमहा दोन हजार रुपये द्यावेत. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार होतात. गेल्या वर्षीच्या महाप्रसादाचा खर्च कोषाध्यक्षांनी अहवालात दिलेला आहेच, तो आपण ताडून पाहावा. रक्कम कुटुंबप्रमुखाच्या नव्हे, सेवा करणाऱ्याच्याच खात्यावर जावी, ही अट मात्र सोडू नये.

तिसरी सूचना पैशाची नाही आणि मला ती सर्वांत निकडीची वाटते. आपल्या समाजातील गरजू भगिनींपैकी सात-आठ जणींना रुग्णशुश्रूषेचे प्रशिक्षण द्यावे. त्यांना आपला चौका, गाळलेले पाणी, सूर्यास्ताचा नियम हे सर्व घरचेच असल्यामुळे ‘बाहेरची बाई चालत नाही’ हे कारण उरणार नाही. त्यांना योग्य वेतन मिळावे, निम्मे घराने व निम्मे ट्रस्टने द्यावे. येत्या भाद्रपदातील दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत त्यांनी पाळीपाळीने रुग्ण असलेल्या घरी जाऊन बसावे, म्हणजे त्या घरच्या गृहिणीला पूजेला, प्रवचनाला येता येईल. तरुण मंडळाच्या मुलांनीही यात नाव द्यावे. रुग्ण पुरुष असेल तेथे त्यांचीच गरज आहे. हवेची गादी, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, वॉकर हे साहित्य प्रत्येकाने विकत घ्यावे आणि वर्षभरात माळ्यावर टाकावे, याऐवजी ते ट्रस्टच्या कार्यालयात ठेवून अनामत रकमेवर देण्याची व्यवस्था सहज होईल.

सरकारकडे करावयाच्या मागणीचा मसुदा मी तयार केला आहे. दिव्यांग कायद्यातील काळजीवाहक भत्ता राज्याने प्रत्यक्षात द्यावा, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरच्या सेवेकऱ्यांनाही तो लागू करावा, आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचा हप्ता शासनाने भरावा, एवढे तीन मुद्दे त्यात आहेत. आपल्या आमदारांना तो द्यावयाचा आहे. सभेनंतर दरवाजाजवळच्या टेबलावर तो ठेवला असून सह्यांसाठी कोरी पाने जोडली आहेत. पुरुषांनी आधी सह्या कराव्यात, अशी विनंती आहे.

त्याच टेबलावर एक वहीदेखील ठेवली आहे. ज्यांच्या घरी दीर्घकाळ अंथरुणावर असलेले कोणी आहे त्यांनी तीत दोन नावे लिहावीत, आजारी व्यक्तीचे आणि तिची सेवा करणाऱ्या व्यक्तीचे. दुसरे नाव लिहिल्याशिवाय नोंद पुरी धरली जाणार नाही. अशा प्रत्येक घरी आमच्या दुकानातून मांजरपाटाच्या धुतलेल्या सहा चादरी पाठविण्याची व्यवस्था मी केली आहे. नवे कापड अंगाला रुतते, म्हणून दोनदा धुऊन घेतलेल्या आहेत. नेण्यासाठी कोणी दुकानात येण्याची आवश्यकता नाही, मुलगा घरी आणून देईल.

जय जिनेंद्र.